दह्याच्या डब्यांतली मिरचीची रोपं अशी वाचली

डिचोलीत जून लागला की हवा इतकी दमट होते की दह्याच्या डब्यांत उगवलेली खोला मिरची दोन पानांवरच बुडाशी काळी पडून आडवी व्हायची. ही रोपकूज, मातीतल्या बुरशीमुळे होणारी. काणकोणच्या या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचं बी वाया जाताना जीव तुटतो.

डबे साबणाने धुतले, तापवलेल्या खिळ्याने तळाला भोकं पाडली. मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत. बी विरळ, अर्धा सेंटिमीटर खोल. वरून पाणी घालणं पूर्ण बंद! डबे ताटातल्या पाण्यात ठेवायचे, वरचा थर ओलसर दिसला की उचलायचे. कोंब दिसताच झाकण काढलं. वारा खेळता राहणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता रोपं ताठ आहेत. वांगी-टोमॅटोलाही हेच चालतं.