दुसऱ्यांदा हेअर ट्रान्सप्लांट करताय? आधी डोक्याच्या मागे बघा

सलूनमध्ये उन्हाळ्यासाठी केस बारीक करायला सांगितले. मशीन मागे फिरली आणि कारागीर थांबला. "दादा, इथे काय लागलं होतं?" एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेलेली पांढरी रेघ होती ती. माझ्या पहिल्या ट्रान्सप्लांटला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि पुढचे केस पुन्हा विरळ झाल्याने दुसऱ्याचं मनात घोळत होतं. इतकी वर्षं मी फक्त कपाळच न्याहाळत आलो होतो.

ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत, मागचे काढून पुढे लावतात. मूळ जिथून काढलं तिथे पुन्हा केस येत नाही, वण राहतो. त्यामुळे दुसऱ्या वेळी मागे शिल्लक किती आहे आणि जुना वण कसा आहे, यावर सगळं ठरतं.

"एफयूईला वण नसतो" यावर विसंबणं

एफयूई म्हणजे केसांची मुळं एकेक करून सुटी काढण्याची पद्धत. तिच्यात टाके नसतात, वण असतोच. एकेक मूळ साधारण 0.8 ते 1 मिलिमीटरच्या पोकळ पंचने काढतात आणि प्रत्येक ठिकाणी फिकट ठिपका उरतो. अशा काढलेल्या मुळांना ग्राफ्ट म्हणतात. दोन हजार ग्राफ्ट म्हणजे दोन हजार ठिपके. पहिल्या वेळी ते आजूबाजूच्या केसांत लपतात. दुसऱ्या वेळी त्याच जागेतून पुन्हा भरमसाट काढले, तर डोक्याची मागची बाजू कसर लागलेल्या शालीसारखी दिसते. काही जण मग मानेजवळून किंवा टाळूकडून केस घेतात. तिथले केस पुढे गळू शकतात. मग लावलेलेही जातात आणि ठिपकेही उघडे पडतात.

पट्टीचा जुना वण न तपासता दुसरी पट्टी काढणं

माझी पहिली शस्त्रक्रिया एफयूटीची, म्हणजे त्वचेची पट्टी काढून टाके घालण्याची. दुसरी पट्टी काढताना जुना वण त्याच कापात उचलता येतो, म्हणजे शेवटी एकच रेघ राहते. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा, नाहीतर एकाखाली एक दोन रेघा पदरी पडतील. पण पहिल्या पट्टीनंतर त्वचेची ढिलाई कमी झालेली असते. तळहात मागे टेकवून त्वचा वरखाली सरकवून बघा. फारशी हलत नसेल तर रुंद पट्टी काढणं धोक्याचं. टाक्यांवर ताण आला की वण पसरतो.

जुना वण रुंद का झाला, हे आधी शोधायला हवं. ताण आला होता, जंतुसंसर्ग झाला होता, की तुमची त्वचाच तशी भरून येते? कारण त्वचेत असेल तर पुन्हा कापून शिवल्यावर तसाच वण येतो. कान टोचले तिथे, लसीच्या जागी किंवा छातीवर कधी जाड, वाढत जाणारी गाठ झाली असेल, तर न विचारताही सांगा. मी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

वणात एकदम दाट केस लावणं

वणाच्या ऊतींत रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथे सगळे ग्राफ्ट जगत नाहीत. आधी थोडेच, विरळ लावून वर्षभर निकाल बघणं शहाणपणाचं. मागचा साठा संपत आला असेल तर दाढीचे केस वापरता येतात. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे सिगारेट बंदच हवी. टॅटूसारखे रंगाचे बारीक ठिपके देऊन वण झाकण्याचाही उपाय आहे, पण तो रंग काळाने फिका होतो आणि केस पिकले की वेगळा उठून दिसतो.

घाई

शस्त्रक्रियेनंतर आसपासचे केसही काही काळ गळू शकतात, त्याला वण समजून घाबरू नका. पूर्ण निकालाला 12 महिने लागतात, टाळूवर कधी 18.

टाळूला खाज, लाली असेल आणि केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. वण पाडणाऱ्या टकलाच्या आजारात ट्रान्सप्लांटने आजार भडकू शकतो.

आणि शस्त्रक्रिया करणार कोण, हे नाव घेऊन विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की कार्यशाळा किंवा यूट्यूब बघणं हे अशा शस्त्रक्रियांसाठी पुरेसं प्रशिक्षण नाही. सल्ल्याला जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद न्या, किती ग्राफ्ट काढले ते त्यात असतं. शक्य असेल तर मागचे केस अगदी बारीक करून जा. लांब केसांखाली डॉक्टरांनाही वण नीट दिसत नाही.

मी तसाच गेलो. डॉक्टरांनी कॅमेरा लावून मागची घनता मोजली आणि पुढे दाट करण्याचा बेत रद्द करायला सांगितला. त्याऐवजी दाढीचे शंभर ग्राफ्ट वणात लावले. त्यातले बरेच आले, सगळे नाही. सलूनमध्ये आता मागे तीन नंबरच्या खाली मशीन लावू देत नाही.