दहावी-बारावीच्या हजेरीची तयारी, आणि पोच घ्या पोच

थोरला बारावीला होता तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेतून फोन आला, हजेरी ६८ टक्के आहे, येऊन भेटा. मला वाटलं दुसऱ्या कुणाचा फोन चुकून आपल्याला लागला. नव्हता चुकून. त्या वर्षी मी सगळं केलं होतं हो, अर्ज दिले होते, डॉक्टरचे कागद दिले होते, फक्त एक गोष्ट केली नव्हती आणि तिच्यापायी आख्खा जानेवारी गेला. आता धाकटी दहावीला आलीये, बोर्ड तेच सीबीएसई, ७५ टक्के हजेरी नसेल तर बोर्डाच्या परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून ही यादी स्वतःसाठीच लिहायला घेतली होती, मग म्हटलं टाकूनच द्यावी सगळ्यांसाठी. स्टेट बोर्डवाल्यांना पण ७५ टक्के आहेतच, तारखा आणि फॉर्म वेगळे, तेवढं शाळेत विचारून घ्या.

शाळा सुरू झाली की पुस्तकं, युनिफॉर्म, बूट, हे काय सांगायचं. डायरी मिळते ती मात्र वाचा. पहिली आठ-दहा पानं जी आपण कधीच वाचत नाही, फोटो चिकटवतो आणि सही करून टाकतो, त्यात सगळं असतं. आमच्या शाळेत तीन लेटमार्क म्हणजे अर्धा दिवस खाडा, हे पहिल्याच पानावर छापलेलं होतं आणि मला ते कळलं डिसेंबरात. सव्वासातची शाळा, मुलगा रात्री एकपर्यंत जागा, रिक्षावाले काका वैतागून निघून जायचे, मग बाबा गाडीवर सोडणार, गेट बंद. असे अर्धे अर्धे करून चार दिवस गेले. तुमच्या शाळेत नियम वेगळा असेल, बघून घ्या.

मग कॅलेंडर घ्या आणि दिवस मोजा. खरंच बसून मोजा, बोटं ठेवून. बोर्ड हिशोब धरतं १ जानेवारीला, वर्ष संपल्यावर नाही, हे बहुतेकांना माहितीच नसतं, लोक म्हणतात जानेवारी-फेब्रुवारीत भरून काढू. त्यात काही भरून निघत नाही. आमच्याकडे तोपर्यंत शाळेचे दिवस भरले १५२, त्याचे ७५ टक्के म्हणजे ११४, म्हणजे हातात ३८ खाडे. ३८ ऐकायला खूप वाटतात ना? आमचे झाले ४८. डेंगी आणि त्यातून उठतोय तोवर टायफॉइड, २६ दिवस. गणपतीला कोकणात ५. माझ्या भावाचं लग्न ४. क्लासच्या टेस्ट सिरीज आहेत म्हणून 'आज शाळेत काही नसतंच' करत घरी राहिला ते ९, आणि ते लेटमार्कचे ४. आजारपण सोडलं तरी २२ दिवस आम्हीच उधळले होते, मजेत. तो आजारी पडला नसता तर काही झालंच नसतं, पण मूल आजारी पडणार नाही असं धरून कोण चालतं? आम्ही चाललो.

क्लासचं आलंच आहे तर. डमी ॲडमिशनच्या, म्हणजे नाव शाळेत आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, असल्या भानगडीत असाल तर ही यादी तुमच्या कामाची नाही, पण एवढं सांगते की २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बोर्डाने राजस्थान आणि दिल्लीतल्या शाळांवर अचानक धाडी घातल्या आणि नोव्हेंबरमध्ये २१ शाळांची मान्यता काढली. तिथल्या पोरांच्या घरी काय झालं असेल विचार करा. आता तर इंटर्नल असेसमेंटही, म्हणजे शाळेने द्यायचे मार्क, हजेरीला जोडलंय, पोरगं शाळेतच येत नसेल तर मार्क कशाचे देणार म्हणून.

आता अर्ज. हा भाग नीट वाचा, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. मूल एक दिवस जरी घरी राहिलं तरी लेखी अर्ज. क्लास टीचरला व्हॉट्सॲपवर 'मॅम, टुडे ही इज नॉट वेल' पाठवलं म्हणजे अर्ज झाला नाही, त्याला समोरून अंगठा आला म्हणजे रजा मंजूर झाली नाही. कागदावर, तारीख, नाव, इयत्ता, तुकडी, रोल नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कारण, खाली पालकाची सही. आणि त्याची झेरॉक्स. आणि ती झेरॉक्स घेऊन शाळेच्या ऑफिसमध्ये जायचं, मूळ अर्ज द्यायचा, आणि झेरॉक्सवर शाळेचा शिक्का, सही, तारीख, आवक नंबर असेल तर तो, असं घेऊन यायचं. पोच. पोच घ्या. हेच मी केलं नव्हतं.

मी काय केलं तर आजारपणाचा अर्ज, डॉक्टरचं सर्टिफिकेट, रिपोर्ट, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून क्लास टीचरच्या हातात दिलं, स्वतः जाऊन, ऑगस्टमध्ये. बाई चांगल्या होत्या, त्याच्या तब्येतीची चौकशी केली, काळजी करू नका म्हणाल्या, मी पण केली नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मिस्टरांची बदली झाली, त्या नोकरी सोडून गेल्या. नवीन सर आले. फोल्डर कुठे गेलं ते आजतागायत कुणालाच माहीत नाही. डिसेंबरात ऑफिसमध्ये सांगितलं की रेकॉर्डला एकही अर्ज नाही, पालकांनी वेळेत कळवलेलं नाही, अशा केसची शिफारस आम्ही कशी करणार. मी म्हणतेय दिलाय, ते म्हणतायत पोच दाखवा. काय दाखवणार? कपाळ? ऑफिसमधल्या बाई वाईट नव्हत्या, त्यांचंही बरोबरच होतं, रोज दहा पालक येऊन दिलाय दिलाय म्हणतात.

त्यामुळे शिक्षक कितीही चांगले असोत, ओळखीचे असोत, तुमच्या चुलत नणंदेची मैत्रीण असो, पोच घ्या. 'अहो त्यात काय एवढं' असं म्हणतील, हसतील, 'आमच्यावर विश्वास नाही का' पण म्हणतील. आपणही हसायचं आणि झेरॉक्स पुढे करायची. अगदीच ऑफिस बंद असेल किंवा शिक्का द्यायला कां कूं करत असतील तर त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ईमेलवर अर्जाचा फोटो टाका, तारीख वेळ आपोआप राहते. पण पहिली पसंती शिक्क्याला.

आणि अर्ज मूल परत शाळेत गेलं की लगेच द्यायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बोर्डाने पुन्हा हेच सांगितलंय की मेडिकल रजा असेल तर रजा संपल्याबरोबर अर्ज आणि कागद द्या, आणि दुसरं कारण असेल तरी लेखी कळवा. तीन महिन्यांनी जुळवाजुळव करून दिलेल्या कागदाला किंमत नाही, आणि ते वागणंही बरं दिसत नाही.

डॉक्टरच्या कागदांचं. फॅमिली डॉक्टरने पॅडवर 'रेस्ट फॉर वन वीक' लिहिलेलं साध्या रजेला चालतं. पण हजेरी कमी पडून केस बोर्डाकडे गेली तर सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, शिवाय रिपोर्ट, एक्स-रे, जे असेल ते सगळं. हे आम्हाला माहीत नव्हतं, मुलगा होता खाजगी हॉस्पिटलमध्ये, मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑगस्टमधल्या आजाराचे कागद घेऊन सिव्हिलला लायनीत. डिस्चार्ज कार्ड होतं म्हणून वाचलो, त्यावर ॲडमिट आणि डिस्चार्जची तारीख स्वच्छ होती. म्हणून लांबलचक आजारपण आलं, पंधरा दिवसांच्या वर, तर तेव्हाच विचारून ठेवा सरकारी सर्टिफिकेट कसं मिळेल. केसपेपर, लॅब रिपोर्ट, औषधांची बिलं, काही फेकू नका. मूळ प्रत शाळेला देऊ नका, मूळ घरी, झेरॉक्स शाळेला, दाखवायला मागितली तर दाखवून परत आणा.

बोर्ड माफ कशासाठी करतं ते पण डोक्यात ठेवा. मोठं आजारपण, आई किंवा वडील जाणं, तसंच काही गंभीर, आणि अधिकृत क्रीडा स्पर्धा. अधिकृत म्हणजे तशी पत्रं असलेल्या, सोसायटीच्या मंडळाची क्रिकेट टूर्नामेंट नव्हे. मामाचं लग्न यात नाही. गणपती यात नाही, मला माहितीये, मलाही वाईट वाटतं. ७५ च्या खाली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होऊ शकते, म्हणजे ६० पर्यंत, त्याच्याही खाली गेलं तर फक्त कॅन्सर, टीबी असल्या दीर्घ आजारांचाच विचार होतो. 'होऊ शकते' म्हणतेय मी, होतेच असं नाही. आणि ६८ चे ७५ कुणी करून देत नाही, खाडे खाडेच राहतात, फक्त परीक्षेला बसू देतात.

मूल खेळात, एनसीसीत, स्नेहसंमेलनाच्या तालमीत असेल तर वर्गात गैरहजेरी लागते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पीटी सरांची चिठ्ठी त्याच दिवशी क्लास टीचरकडे, आणि हो, तिच्यावरही सही घेऊन फोटो. हीसुद्धा पोचच.

दर महिन्याच्या शेवटी ॲपवरची हजेरी बघा आणि स्क्रीनशॉट काढा. घरी भिंतीवर कालनिर्णय असतंच, त्यावर खाडा झाला की लाल फुली, दुधाच्या खाड्यासारखी. दोन्ही जुळवा. धाकटीच्या जुलैत दोन दिवस जास्तीचे लागले होते, दुसऱ्याच हर्षदाचे, सरांना दाखवल्यावर पाच मिनिटात दुरुस्त झाले. हेच डिसेंबरात सांगितलं असतं तर?

आता वागणुकीचं. यात मी फार हुशार नाही, थोरला गरीब होता, धाकटी नाही. मोबाईल, केस, नखं, कडं, टॅटू, हे डायरीत असतं. मोबाईल जप्त झाला तर भांडायला जाऊ नका, किती दिवसांनी आणि कुणाला देणार ते विचारून या. मारामारी, कॉपी, शिक्षकांना उलट बोलणं असल्या गोष्टीत घरी बोलावतात आणि हमीपत्र लिहून घेतात. ते वाचा. 'यापुढे असे घडल्यास दाखला देण्यास हरकत नाही' असं वाक्य त्यात असतं कधीकधी, लाजेने मान खाली घालून सही करू नका, वाक्यावर बोला, बदलून मागा. झेरॉक्स घ्या. कोरी तारीख ठेवून तर अजिबात सही नाही. चार दिवस घरी बसवलं तर तसं पत्र लेखी मागा, कुठल्या तारखा आणि कशासाठी, कारण ते दिवस हजेरीतून जातात आणि नंतर तोंडी कुणी कबूल करत नाही. आणि आपल्या लेकराची चूक असेल तर आहे म्हणा, आमच्यातल्या एक-दोघी पालक तिथे असा आवाज लावतात की पुढे वर्षभर पोरांनाच ऐकावं लागतं.

मारणं मात्र नियमात बसत नाही, कुठल्याच शाळेच्या. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. तो कायदा ६ ते १४ वयाचा म्हणून दहावीच्या पोराला चालतं असं कुणी शहाणपण शिकवलं तर ऐकून घेऊ नका. तक्रार लेखी, मुख्याध्यापकांच्या नावे, आणि पुढचं तुम्हाला पाठ झालं असेल आता. पोच.

दिवाळीनंतर पुन्हा एकदा मोजणी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टक्के ८० च्या खाली दिसले तर सगळे कार्यक्रम बंद, लग्नाला आई-बाबा जातील, मूल आजीकडे राहील, शाळेत जाईल. क्लास टीचर बदललेत का बघा, बदलले असतील तर फाईल घेऊन नव्यांना एकदा भेटून या.

डिसेंबर. कमी पडतायत असं दिसलं तर शाळेने बोलवायची वाट बघू नका. पालकांचा विनंती अर्ज, सरकारी सर्टिफिकेट, रिपोर्ट, आणि शाळेची शिफारस, असा गठ्ठा शाळेमार्फत बोर्डाच्या रिजनल ऑफिसला जातो, शाळेसाठी शेवटची तारीख ७ जानेवारी असते. मधे नाताळची सुट्टी, मुख्याध्यापक गावाला. आमचा गेला ६ ला. तोही जुन्या बाईंनी दुसऱ्या गावाहून फोन करून सांगितलं म्हणून, की हो, अर्ज माझ्याकडे दिला होता त्यांनी. त्यांचं चांगलं होवो. पण नसता केला फोन तर? पोच असती तर फोन लागलाच नसता.

दहावीवाले म्हणतील मे महिन्यात दुसरी परीक्षा आहे ना आता. आहे, २०२६ पासून, पण ती पहिलीला बसलेल्यांसाठी, पहिलीत तीन किंवा जास्त विषयांना गैरहजर राहिलं तर दुसरीला बसता येत नाही.

ॲडमिट कार्ड फेब्रुवारीत. नाव, विषय, फोटो बघा, मुख्याध्यापकांची सही बघा. पेन, पाण्याची बाटली वगैरे तुमचं तुम्ही.

धाकटी परवा तापाने घरी होती, अर्ज लिहून टेबलावर पडलाय. झेरॉक्सवाला नऊला बंद करतो, पळते.