पर्थला राहायला जाताना : विंडसर्फिंगच्या जागा शोधण्याची तयारी

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थला राहायला जाणाऱ्या आणि विंडसर्फिंगची, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर (बोर्डवर) उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाण्याच्या खेळाची, आवड असणाऱ्या माणसाने आपल्या यादीत वाऱ्याचा अभ्यास घराच्या शोधाच्याही आधी लिहावा, कारण कोणत्या उपनगरात राहायचे हे एकदा ठरले की आठवड्यातून किती वेळा पाण्यावर जाता येईल हेही बहुतांशी ठरून जाते. चांगल्या किनाऱ्यांची नावे कोणीही सांगेल. पण तोच किनारा सकाळी धोक्याचा, दुपारी उत्तम आणि जुलैमध्ये निरुपयोगी असू शकतो. म्हणून नावे गोळा करण्यापूर्वी तिथला वारा कोठून, केव्हा आणि का येतो हे समजून घ्यावे.

पर्थचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण असून त्याचे तोंड पश्चिमेला, हिंदी महासागराकडे आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात दिवसा जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो आणि दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान नैर्ऋत्येकडून खारा वारा सुटतो. त्यालाच तिथे ‘फ्रिमँटल डॉक्टर’ म्हणतात. खारे वारे आपल्याकडेही वाहतात, परंतु पर्थला उन्हाळ्यातील एकूण वाऱ्याचा कल मुळातच दक्षिणेकडून असल्याने दोन्ही एकमेकांना साथ देतात आणि १५ ते २० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), कधी त्याहूनही जोरदार असा वारा संध्याकाळपर्यंत टिकतो. १९८७ मध्ये अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची शर्यत फ्रिमँटल या पर्थच्या बंदराजवळ झाली तेव्हा याच वाऱ्याची ख्याती जगभर पोहोचली. हा वारा डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत सर्वांत भरवशाचा असतो, त्यामुळे रुजू होण्याची तारीख आपल्या हाती असेल तर सप्टेंबर किंवा ऑक्टोबर निवडावा. घर लागेपर्यंत हंगामही सुरू झालेला असतो.

भरवशाचा म्हणजे रोजचा मात्र नव्हे. उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो आणि तो किनाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे यावर सगळे अवलंबून असते. पट्टा समुद्रावर असेल तर वाळवंटाकडून पूर्वेचे तप्त वारे वाहतात, पारा चाळिशीकडे जातो आणि खारा वारा उशिरा येतो किंवा येतच नाही; पट्टा जमिनीवर सरकला की तो लवकर आणि जोराने येतो. हवामानाचा नकाशा वाचण्याची सवय निघण्यापूर्वीच लावून घ्यावी. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचे अंदाज व प्रत्यक्ष नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत, आणि सीब्रीझ या संकेतस्थळावर वाऱ्याचा अंदाज आलेखाच्या रूपात दिसतो. भारतात बसून महिनाभर रोज सकाळचा अंदाज आणि संध्याकाळची नोंद शेजारी शेजारी लिहून ठेवली, तर अंदाज कोठे चुकतो हे तिथे पाऊल ठेवण्यापूर्वीच कळू लागते. रॉटनेस्ट बेट फ्रिमँटलच्या पश्चिमेला समुद्रात आहे. तिथल्या नोंदीत वारा वळून वाढू लागला की थोड्याच वेळात तो किनाऱ्यावर पोहोचणार असे समजावे. मात्र ते केंद्र मोकळ्या समुद्रात असल्याने तिथला आकडा किनाऱ्यापेक्षा बहुधा अधिक असतो, म्हणून त्यावरून शिडाचे माप ठरवू नये. शहरातून वाहणाऱ्या स्वॉन नदीवरच्या वाऱ्यासाठी तिच्या मेलव्हिल वॉटर या रुंद भागातील इनर डॉल्फिन पायलन या केंद्राची नोंद पाहावी. अंदाजातील वेग सरासरी असतो आणि झोत त्याहून ४० टक्क्यांनी अधिक असू शकतात, असे हवामान खाते स्वतःच सांगते. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १५ नॉटचे २० नॉट झाले की शिडावरचा जोर जवळपास पावणेदोन पट होतो, हे नवख्याने कायम लक्षात ठेवावे.

गोव्यात किंवा मुंबईत शिकलेल्यांनी एका फरकाची खास तयारी करावी. आपला किनाराही पश्चिमेकडेच पाहतो, पण पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत दुपारचा वारा आपल्याकडे वायव्येचा असतो, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यावर तो उजव्या अंगाने येतो. पर्थला तो डाव्या अंगाने येतो. त्यामुळे किनाऱ्यावरून आत निघताना शिडाच्या काठीजवळचा हात, पुढचा पाय आणि लाटेवर चढण्याची बाजू, सगळेच उलटे होते. ज्याची एक बाजू कच्ची आहे त्याला हे पहिल्याच दिवशी जाणवते, म्हणून निघण्यापूर्वीच्या शेवटच्या हंगामात मुद्दाम कच्च्या बाजूचाच सराव करावा. दुसरा फरक सुखाचा आहे : मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, तर पर्थला तो सहसा एक मीटरच्या आत राहतो आणि भरती बहुधा दिवसातून एकदाच येते. ओहोटीच्या वेळा पाहून बेत आखण्याची आपली सवय तिथे फारशी कामी येत नाही. ती सगळी दक्षता वाऱ्याच्या दिशेकडे वळवावी.

आता घर. किनाऱ्यालगतची कॉटेस्लो, स्वॉनबर्न, नॉर्थ फ्रिमँटल ही उपनगरे महाग आहेत, आणि नव्याने आलेले कुटुंब तिथे घर घेऊ शकेल असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात ती कॅनिंग व्हेल, हॅरिसडेल यांसारखी उपनगरे आतल्या बाजूला आहेत. तिथून वुडमन पॉइंट किंवा दक्षिणेकडचे किनारे सोयीचे पडतात, तर जूनडलपकडे राहणाऱ्याला हिलरीजजवळचा पिनरू पॉइंट. घराचा नकाशा पाहताना कार्यालयातून किनारा आणि किनाऱ्यावरून घर असा त्रिकोण मोजावा. घर ते कार्यालय एवढेच अंतर मोजले की संध्याकाळची गर्दी आडवी येते. पश्चिम ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची पद्धत नाही, २००९ च्या सार्वमतातही लोकांनी ती नाकारली, त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्य सव्वासात-साडेसातच्या सुमारास मावळतो. पुढे गेलेला एक तास पाण्यावर मिळाला असता, ही खंत त्या शहरातल्या अनेक शिडवाल्यांना असावी. उजाडते मात्र लवकर, म्हणून नियुक्तीपत्रावर सही करण्यापूर्वी सकाळी लवकर येऊन दुपारी लवकर निघण्याची मुभा आहे का, हे विचारून घ्यावे. भाड्याच्या घराला बंद गॅरेज किंवा अंगणात नळ असणे ही चैन नसून गरज आहे, कारण मिठाचे पाणी न धुतल्यास कप्पी, दोर आणि सांधे काही महिन्यांतच खराब होतात. शिडाची काठी दोन तुकड्यांची असली तरी बोर्ड सव्वादोन ते पावणेतीन मीटर लांब असतो, तेव्हा जिना आणि लिफ्टचाही विचार करावा.

साहित्य भारतातून न्यावे की तिथे घ्यावे, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : हार्नेस (शिडाची ओढ अंगावर पेलणारा कमरेचा पट्टा), वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) आणि सवयीच्या लहान वस्तू न्याव्यात, बोर्ड व काठी तिथे वापरलेल्या साहित्याच्या बाजारात घ्यावी. विमानाने बोर्ड नेण्याचा खर्च आणि मोडतोडीची भीती पाहता दुसरा मार्ग परवडणारा नाही. जे न्यायचे ते मात्र गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून न्यावे. वापरलेल्या साहित्याला चिकटलेली वाळू, माती किंवा शेवाळ यांबाबत ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत, आणि आगमनाच्या पत्रकात अशा वस्तूंचा उल्लेख न टाळता करावा. सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या, बऱ्यापैकी शिकलेल्या माणसाला नेहमीच्या दुपारच्या वाऱ्यात साडेपाच ते सहा चौरस मीटरचे शीड आणि शंभर ते एकशे पंधरा लिटर आकारमानाचा बोर्ड पुरतो. जोरदार दिवसांसाठी साडेचारच्या आसपासचे दुसरे शीड ठेवावे. समुद्री गवत अनेक ठिकाणी दाट असल्याने मागे झुकलेला, गवत न अडकणारा फिनही (बोर्डाच्या तळाला बसवायचे पाते) घ्यावा. पाणी उन्हाळ्यात तेवीस अंशांपर्यंत जाते, तरी वाऱ्यात ओले अंग थंड पडते, म्हणून आखूड वेटसूट लागतोच. आणि अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या वर जाणाऱ्या त्या उन्हात लांब बाह्या, टोपी व झिंकचा लेप यांत कसर करू नये.

पोहोचल्यावर पहिले पंधरा दिवस बोर्ड पाण्यात न टाकता नुसते पाहावे, असा माझा आग्रह आहे. एखाद्या किनाऱ्यावर दुपारी एकला जाऊन पाचपर्यंत बसावे : वारा कधी भरला, लोक कोठून आत शिरतात आणि कोठे बाहेर येतात, कोणत्या ठिकाणी कोणीच जात नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण रिकाम्या पाण्याखाली बहुधा चुनखडीचा उथळ खडक असतो. तिथल्या लोकांना ते कोणते शीड लावून आले आहेत एवढे विचारले तरी पुष्कळ माहिती आपणहून मिळते.

सुरुवात नदीपासून करावी. स्वॉन नदीचे पात्र शहराजवळ मेलव्हिल वॉटर नावाने एखाद्या सरोवरासारखे पसरले आहे आणि क्रॉली येथील पेलिकन पॉइंट ही तिथली जुनी, परिचित जागा आहे. तिथे लाट नाही, तळ वाळूचा व उथळ आहे आणि काही बिघडले तर चालत परतण्याची शक्यता असते. नदीवर एक नियम सर्वत्र लागू पडतो : ज्या काठावरून, झाडे-इमारती ओलांडून वारा येतो त्या काठाजवळ तो तुटक आणि झोतांचा असतो, पाणी ओलांडून ज्या काठाला तो लागतो तिथे सलग मिळतो. पेलिकन पॉइंटचा परिसर स्वॉन एस्च्युरी सागरी उद्यानात येतो; दूर उत्तरेतून, सायबेरियापर्यंतच्या प्रदेशातून येणारे पाणपक्षी नेमके वाऱ्याच्याच हंगामात तिथे उतरतात, म्हणून काही भागांत प्रवेशावर बंधने आहेत आणि फलकांवर दाखवलेल्या सीमा पाळाव्यात. नदीत कॉब्लर नावाचा विषारी काट्यांचा मासा असतो, तेव्हा पायात बूट हवेत. बुल शार्कही नदीत येतात. या बाबतीत शार्कस्मार्ट डब्ल्यूए या ॲपवरील सूचना पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

समुद्रावर जाताना किनारे त्यांच्या आडोशानुसार निवडावेत. फ्रिमँटलच्या दक्षिणेला गार्डन बेट आणि किनाऱ्यापुढील लहान बेटे व खडक यांमुळे मोठ्या लाटा अडतात, म्हणून वुडमन पॉइंट आणि शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील सेफ्टी बे इथले पाणी सपाट असते. सेफ्टी बेचा उथळ भाग शिकणाऱ्यांसाठी उत्तम, पण तिथे काईटवाल्यांची, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून जाणाऱ्यांची, गर्दी असते आणि वाळूचे दांडे सरकत राहतात. लेटन हा रेल्वे स्थानकाजवळचा, मोकळा आणि मध्यम सरावाच्या माणसाला योग्य असा किनारा आहे. त्याच्या उत्तरेकडील स्कारबरो आणि ट्रिग येथे लाट किनाऱ्यावरच फुटते. तिथे बोर्ड आत नेणे हेच निम्मे काम असते, त्यामुळे पाण्यात पडल्यावर शिडाच्या ओढीने उभे राहता येईपर्यंत तिकडे फिरकू नये. लाल-पिवळ्या निशाणांमधील पाणी पोहणाऱ्यांचे असते. त्यात बोर्ड न्यायचा नाही. दोन शिडे समोरासमोर आली तर उजवा हात पुढे असलेल्याचा हक्क पहिला, आणि एकाच बाजूला जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने वाट द्यायची.

प्रत्येक किनाऱ्यासाठी परतीची वाट आधी ठरवावी. दुपारच्या नैर्ऋत्य वाऱ्यात काठी मोडली तर माणूस उत्तरेकडे आणि हळूहळू किनाऱ्याकडे ढकलला जातो. म्हणून ज्या ठिकाणाहून आत जायचे त्याच्या उत्तरेला बाहेर पडता येतील अशा दोन जागा आणि मधले बांध व खडक प्रत्यक्ष चालून पाहावेत. सकाळचा पूर्वेचा वारा याच्या नेमका उलट आहे. पाणी आरशासारखे दिसते, वारा चांगला असतो, आणि तो सरळ रॉटनेस्टच्या दिशेने नेतो. एकट्याने, नवीन किनाऱ्यावर, पूर्वेच्या वाऱ्यात समुद्रात जाऊ नये. तो वारा वापरायचाच असेल तर नदीवर वापरावा, जिथे पलीकडे काठ असतो. घरच्या माणसाला जागा आणि परतण्याची वेळ सांगून जावे, व पाण्यात चालणारी शिट्टी हार्नेसला बांधावी.

लांबच्या जागा पहिल्या हंगामाच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवाव्यात. उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर लॅन्सलिन आहे. लेज पॉइंट ते लॅन्सलिन ही सुमारे पंचवीस किलोमीटरची शर्यत जानेवारीत होते, आणि ती किनाऱ्यावरून नुसती पाहिली तरी शिडाची मापे, वळण्याच्या पद्धती आणि विक्रीला असलेले जुने साहित्य एकाच जागी पाहायला मिळते. त्याहून उत्तरेला जेराल्डटन व कोरोनेशन बीच आहेत, तिथे वारा पर्थपेक्षाही जोरदार असतो, पण तो प्रवास मुक्कामाचा आहे. दक्षिणेला मार्गारेट रिव्हरजवळचा सर्फर्स पॉइंट मोठ्या लाटांसाठी प्रसिद्ध आहे. पहिल्या वर्षी तिथे बोर्ड गाडीवरून उतरवू नये. मेनंतर शीत आघाड्यांबरोबर वायव्य व पश्चिमेचे वादळी वारे येतात, अनेक उन्हाळी किनारे समुद्री गवताने भरतात आणि वारा दिवसाआड दिशा बदलतो. त्या काळात नकाशावर प्रत्येक जागेपुढे कोणत्या दिशेचा वारा तिथे चालतो ते नव्याने लिहावे, आणि फाटलेली शिडे ऑक्टोबरपूर्वी शिवून घ्यावीत, कारण हंगाम सुरू झाला की शिवणाऱ्यांकडे रांग लागते.