सेकंडहँड छोटी एसयूव्ही बघायला जाताना: माझी तयारीची यादी (चुका धरून)

पहिलं काम फोनवरच. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंडच राहू द्या, आणि पोचल्या पोचल्या बाकी गप्पांच्या आधी हात बॉनेटवर ठेवायचा. मी गेलो तेव्हा बॉनेट चांगलं कोमट होतं, तो म्हणाला "आत्ताच धुवून आणली ना", मी मान डोलावली आणि सोडून दिलं. ती माझी पहिली चूक. टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) सैल झाली असेल तर थंड इंजिन पहिले दोन-तीन सेकंद खडखडतं, व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल उतरत असेल तर स्टार्टला निळसर धुराचा भपका येतो, आणि इंजिन गरम झालं की दोन्ही गोष्टी गायब. माझी पुढे वर्षभर रोज सकाळी खडखडत होती, शेवटी चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर बदलला तेव्हा गप्प बसली.

बरोबर काय न्यायचं? टॉर्च, जुनं फडकं, टायरच्या खाचांची खोली मोजायचा साधा गेज, ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र), आणि एक मित्र. मित्र गाडीतला जाणकार नसला तरी चालेल, त्याला मागच्या सीटवर बसवायचं म्हणजे मागचे आवाज त्याला ऐकू येतात, आणि तुम्ही रंगावर भाळलात की तो तुम्हाला बाहेर ओढतो. दिवसाउजेडीच जायचं, आणि गाडी ओली असताना तर बघूच नका, ओल्या रंगावर ओरखडे, पोचे, रंगातला फरक काही दिसत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो, ते सगळ्यांना माहिती असतं तरी घाईत राहतं. १७ अक्षर-आकड्यांचा चासी नंबर गाडीवर आणि कागदावर सारखाच आहे का ते स्वतः बोट ठेवून वाचा, कर्ज फिटलंय का बघा, आणि तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉलचं (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्याचं) काम बाकी आहे का तपासा. टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगपायी जगभर कितीतरी कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि ते काम फुकट होतं, तरी न करता फिरणाऱ्या गाड्या होत्याच. सर्व्हिस बुकात नुसते किलोमीटर नाही, तारखाही बघायच्या. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी असं नसतं, दोन वर्षं त्याच ऑइलवर जवळच्या जवळ फिरलेली गाडी जास्त वाईट.

आता टायर, इथे मी जरा थांबणार कारण इथेच माझे सगळ्यात जास्त पैसे गेले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. चारही टायरचे आकडे वाचा, ते कधी टायरच्या आतल्या अंगाला असतात, तेव्हा वाकून वाचा. आणि गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारी) असेल तर चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. माझ्या गाडीला पुढे दोन नवेकोरे आणि मागे दोन टकले होते, मी उलट खूश, म्हटलं वा, दोन टायर तर नवीन मिळाले! पण झिजलेल्या टायरचा घेर कमी, त्यामुळे ते तेवढ्याच अंतरात जास्त फिरतात, आणि मग पुढच्या-मागच्या चाकांमधलं कपलिंग सरळ रस्त्यावरसुद्धा तो फरक सोसत बसतं, तापतं, झिजतं. वळताना खालून हलकी घरघर यायला लागली तेव्हा कळलं. बऱ्याच जणांना हेही माहीत नसतं की अशा गाडीत मागच्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) वेगळं ऑइल असतं आणि तेही बदलावं लागतं. म्हणून ते शेवटचं कधी बदललं असं सरळ विचारा, आणि समोरचा "कुठलं ऑइल?" म्हणाला की उत्तर मिळालं.

खाली वाकलाच आहात तर टॉर्च मारून पोटही बघून घ्या. ही गाडी दिसायला एसयूव्ही असली तरी सांगाडा कारचाच असतो, आणि दिसण्यावर विश्वास ठेवून लोक ती नको तिथे घालतात, मग खालचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर घासलेलं, एक्झॉस्ट चेपलेला, शॉकअपवर ऑइलचा ओघळ. सीव्ही जॉइंटची (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या सांध्याची) रबरी बूट फाटलेली असेल तर आतलं ग्रीस आजूबाजूला उडालेलं दिसतं.

ओबीडी रीडरने नुसते एरर कोड बघून भागत नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर तो पुसून गाडी दाखवणं पाच मिनिटांचं काम आहे, पण कोड पुसले की गाडीचे रेडीनेस मॉनिटरही (गाडी स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का याची जी नोंद ठेवते ती) पुसले जातात आणि ते परत पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं, कधी कधी काही दिवस. म्हणजे एकही कोड नाही आणि बरेचसे मॉनिटर अपूर्ण, असं दिसलं तर नुकतंच कुणीतरी काहीतरी पुसलंय, नाहीतर बॅटरी काढली होती. दोन्हीपैकी काय ते विचारा. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो की नाही हेही बघा, मुळात लागलाच नाही तर तेही वाईटच.

गिअरबॉक्स कुठला आहे ते आधी माहीत करून जा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर हळू हळू वेग घेताना थरथर किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो का ऐका, ड्युअल क्लच (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) असेल तर मुंगीच्या पावलाने ट्रॅफिकमध्ये आणि चढावर चालवून बघा, झटके तिथेच कळतात. डिझेल असेल तर गाडी कुठे चालायची ते विचारा, नुसती जवळच्या जवळ फिरलेली असेल तर डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरलेला असण्याची शक्यता मोठी. टर्बो पेट्रोल असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या, थंडीतल्या छोट्या फेऱ्यांनी कधी कधी ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, मग पातळी वर चढलेली आणि वास पेट्रोलचा.

चालवताना म्युझिक बंद, काचा आधी वर, मग खाली. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टकटक आली तर सीव्ही जॉइंट. वेगात हुंकारासारखा आवाज आला आणि गाडी डावी-उजवीकडे झुकवल्यावर तो बदलला तर व्हील बेअरिंग, न बदलता तसाच राहिला तर बहुतेक टायर. ऑटोमॅटिक असेल तर एसी लावून, ब्रेक दाबून, डी मध्ये उभी करा, सीट थरथरली की इंजिन माउंटचा (इंजिन ज्यांवर बसतं त्या रबरी आधारांचा) खर्च मनात धरायचा.

सनरूफ असेल तर छताच्या कापडावर कोपऱ्यात डाग आहेत का बघा, आणि डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. माझ्या हाताला ओल लागली होती, मला वाटलं धुतलीय म्हणून. सनरूफच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या होत्या.

ठरलंच तर गाडी ताब्यात घेताना दोन्ही चाव्या घ्या, आणि जुन्या मालकाला त्याच्या मोबाइल ॲपमधून गाडी तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहतं, काही गाड्यांचं तर लॉकही उघडता येतं. किलोमीटर कितीही असोत, इंजिन ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल घेतल्या घेतल्या बदलून टाकायचं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं म्हणून.

आणि अलॉय व्हीलला लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेले, खास सॉकेटशिवाय न निघणारे) असतील तर त्यांचा सॉकेट मागून घ्या. छोटासा असतो, अंगठ्याएवढा. मी पहिल्यांदा पंक्चर झालो तेव्हा जॅक लावला, पाना लावला, चार नट निघाले आणि पाचवा गोल गुळगुळीत, त्याच्यावर पाना बसेचना. जुन्या मालकाला फोन केला तर म्हणाला हो हो, तो माझ्या नव्या गाडीच्या डिकीत राहिला वाटतं.