बुबुळावरची बुरशी: या चुका टाळा

उसाचं पाचट काढताना पात्याची कड डोळ्यात जाते, नाहीतर मळणीच्या वेळी कुसळ. डोळा चोळला, पाण्याने धुतला, काम पुढे चालू. दोन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. मग घरातली कुठलीतरी जुनी बाटली सापडते, किंवा मेडिकलवाला "हे घाला, लगेच बरं वाटेल" म्हणून नवी देतो.

आणि खरंच बरं वाटतं! सगळा घोटाळा इथेच होतो. अशा अनेक बाटल्यांत अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड असतं. ते लाली आणि ठणका कमी करतं, पण ज्या प्रतिकाराने शरीर बुरशीला रोखत असतं, तोच ढिला पाडतं. वरून डोळा पांढरा होत जातो आणि आत फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात, खोल उतरत असते. माझ्या मते बुरशीपेक्षा या पहिल्या बाटलीनेच जास्त नुकसान होतं. डोळ्याला पालापाचोळा, माती, काडी लागली असेल, तर तपासणीआधी स्टिरॉइड नको, एवढं घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

दुसरी चूक आम्हा डॉक्टरांचीही असते: नुसतं पाहून निदान. पिसासारख्या विस्कटलेल्या कडा, मुख्य जखमेशेजारी बारीक ठिपके, कॉर्नियामागे तळाशी साचलेला पू दिसला की बुरशीचा संशय घ्यावा. पण जीवाणूंची जखमही अशी दिसू शकते. भुलीचे थेंब घालून जखम हलक्या हाताने खरवडायची आणि तो नमुना केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बुरशीचे धागे असतील तर काही मिनिटांत दिसू शकतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, मात्र दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही. खरवडायचं म्हटलं की रुग्ण घाबरतो. पण वरचा थर निघाल्याने औषधही आत चांगलं पोचतं.

औषध बहुतेक वेळा नाटामायसिन ५ टक्के, हे बुरशीवरचे थेंब. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधाच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युझेरियमवर. 'नवं, महाग, म्हणून भारी' हा समज इथे चालत नाही. हे औषध दुधासारखं असतं आणि तळाशी बसतं. बाटली न हलवता घातली तर नुसतं वरचं पाणीच डोळ्यात जातं. जखमेवर त्याचा पांढरा थर चिकटतो. तो पू समजून घासू नका.

सुरुवातीला जागेपणी दर तासाला थेंब, हे ऐकून माणूस दमतो. चार दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलतो, तिथे नवी चिठ्ठी, नवं औषध. बुरशी हळू हटते. पहिल्या काही दिवसांत जखम वाढली नाही, हीच चांगली खूण. पुढे कडा बोथट होतात, शेजारचे ठिपके विरतात. उपचार काही आठवडे चालतात. ठणका थांबला म्हणून मनाने थेंब बंद करू नका. डोळ्यावर घट्ट पट्टीही बांधू नका.

नीट थेंब घालूनही जखम पसरत असेल तर नमुना पुन्हा तपासावा. पिथियम नावाचा एक जीव हुबेहूब बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही. त्याच्यावर बुरशीची औषधं फारशी चालत नाहीत. लिनेझोलिड, अ‍ॅझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक वापरून बघतात. कॉर्निया पातळ होऊन फुटायला आला, तर दान मिळालेला कॉर्निया बसवण्याची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. शेजारच्या काकूंनी दिलेली अर्धी संपलेली सुद्धा.