अर्धवट गोधड्या पूर्ण करून पोहोचवण्यापूर्वीची तयारी

शिवायला घेतलेल्या आणि या ना त्या कारणाने अर्ध्यावर राहिलेल्या गोधड्या पूर्ण करण्याचे मनात आले की प्रथम त्या सगळ्या बाहेर काढून जमिनीवर अंथराव्यात आणि प्रत्येक गोधडी कोणाच्या अंगावर जाणार आहे, हे आधी ठरवावे. घरच्या नातवंडासाठी, मैत्रिणीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी, एखाद्या वृद्धाश्रमासाठी की उसाच्या फडावर कोपीत राहणाऱ्या कुटुंबासाठी, यावर पुढचे जवळजवळ प्रत्येक काम अवलंबून असते : टाके किती जवळ घ्यायचे, काठाला गोट, म्हणजे कडेची पट्टी, कसा लावायचा, किती वेळा धुवायची, नाव घालायचे की नाही, हे सगळे. हे ठरले की प्रत्येक गोधडीला कागदाची चिठ्ठी टाचून तिच्यावर कोणासाठी, केव्हापर्यंत आणि काय काय उरले आहे, एवढे तीन मुद्दे लिहावेत. दान द्यायच्या गोधडीचे काम घरच्या गोधडीपेक्षा अधिक पक्के असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. घरच्या गोधडीचा टाका सुटला तर ती आपल्याकडे परत येते आणि आपण तो घालून देतो. दान दिलेली गोधडी परत येत नाही, आणि जिच्या वाट्याला ती जाते तिच्याकडे दुसरे पांघरूण असेलच असे नाही.

वेळेचा हिशेब उन्हावरून करावा. गोधडीचे शेवटचे काम म्हणजे धुणे आणि कडकडीत वाळवणे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी दोनच काळ खात्रीचे आहेत : चैत्रापासून मृगाच्या पावसापर्यंतचा उन्हाळा आणि पावसाळा सरल्यानंतरचे ऑक्टोबरचे ऊन. आषाढ-श्रावणात टाके घालत बसायला हरकत नाही, किंबहुना घरात बसून करण्याचे ते काम आहे. मात्र त्या दिवसांत जाड गोधडी भिजवू नये, कारण वरून कोरडी लागली तरी आतल्या थरात दमटपणा राहतो आणि त्याची बुरशी होते. ऊसतोड कामगारांसाठी गोधड्या करत असाल तर मुदत आणखी अलीकडे येते. बीड आणि अहिल्यानगर भागातून अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहिल्यास गोधडी तयार होईपर्यंत माणसे गाव सोडून गेलेली असतात. अशा गोधड्या जूनपूर्वीच धुऊन, वाळवून, बांधून ठेवाव्यात.

त्यानंतर कापड तपासावे. जुन्या लुगड्यांचा मऊपणा हेच गोधडीचे सुख असले तरी मऊ आणि विरलेले यांत फरक आहे. कापड उजेडासमोर धरावे, आणि दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून आधी उभे आणि मग आडवे ताणून पाहावे. धागे सरकले किंवा बारीक चरचर ऐकू आली तर तो भाग मधल्या थरातच जावा, वर किंवा खाली येऊ नये. नऊवारी लुगडे काष्ट्याच्या आणि बसण्याच्या भागात आधी विरते, तर पदराकडचा भाग व काठ बहुधा शाबूत असतात, म्हणून तेच वरच्या बाजूसाठी राखावेत. अर्धवट गोधडीचा वरचा थर एखाद्या ठिकाणी विरलेला आढळला तर आत्ताच त्यावर चांगल्या कापडाचे ठिगळ लावून घ्यावे. जरीचे काठ दानाच्या आणि बाळाच्या गोधडीतून उसवून टाकावेत, कारण जरीची तार टोचते आणि धुण्यात तुटून तिची टोके बाहेर येतात. सुती आणि रेशमी किंवा नायलॉनचे थर एकत्र आले असतील तर गोधडी पहिल्या धुण्यात चुरमडते, कारण सुती कापड आटते आणि दुसरे तसेच राहते. असे थर काढून बदलणे कंटाळवाणे असले तरी ते करावे.

आत कापूस भरला असेल तर त्याचाही विचार येथेच करावा. नुसता पिंजलेला कापूस धुतल्यावर गोळा होतो. ती रजई झाली, आणि रजईला खोळ लागते, वेळोवेळी पिंजाऱ्याकडे न्यावे लागते. संस्थेत किंवा फडावर ही सोय कोणी करणार नाही, म्हणून दानासाठी थरांचीच गोधडी बरी.

साहित्य आधीच एका डब्यात जमवून ठेवावे : मजबूत सुती दोऱ्याची रिळे, दोन-तीन जाडीच्या लांब सुया, अंगुस्तान, कात्री, मोजपट्टी, खडू, टाचण्या, एक लोहचुंबक आणि गोटाचे कापड. डब्याच्या झाकणावर सुयांची आणि टाचण्यांची संख्या लिहून ठेवावी. तिचे काम पुढे आहे. दोरा हातभराहून थोडा जास्त, इतकाच घ्यावा. लांब दोरा वेळ वाचवतो असे वाटते, पण प्रत्येक टाक्याला घासून तो शेवटी पिंजतो आणि नेमका तिथेच तुटतो.

अर्धवट गोधडी पुन्हा हातात घेताना थर सरकले आहेत का, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे, कारण महिनोन्‌महिने घडी घालून ठेवलेल्या गोधडीतील कच्चे टाके सैल झालेले असतात. ती सपाट जमिनीवर अंथरावी, तळहाताने मध्यापासून कडेकडे सुरकुत्या सारत न्याव्यात आणि वीतभर अंतरावर नवे कच्चे टाके घालावेत. मग दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर गोधडी तिरकी झाली आहे, आणि ती आताच सरळ होऊ शकते, धावदोरा पूर्ण झाल्यावर होणार नाही. धावदोऱ्याच्या ओळींमध्ये बोटभर अंतर असावे; घरच्या वापरासाठी दोन बोटे चालतील, पण जी गोधडी दगडावर आपटून धुतली जाईल तिला बोटभरच हवे. गाठ वर राहू देऊ नये : सुई दोन थरांच्या मधून थोडी पुढे नेऊन दोऱ्याचे टोक आत सोडावे आणि सुरुवातीला दोन उलटे टाके घालावेत. आधीच्या ओळींत कुठे दोरा तुटला असेल तर बोट फिरवून शोधावा. डोळ्यांना न दिसणारा सैल टाका बोटाला कळतो.

आता काठ. सर्वांत आधी गोधडी झिजते ती काठाला, आणि घाई होते तीही तिथेच, कारण एव्हाना गोधडी झाल्यासारखी दिसू लागलेली असते. वरचे कापड आत दुमडून टिपणे ही जुनी आणि सोपी रीत आहे. हलक्या वापराच्या गोधडीला ती पुरते. नेहमी वापरात राहणाऱ्या गोधडीला मात्र वेगळा, दुहेरी गोट लावावा. हिशेब करून कापड घ्यावे : 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब गोधडीचा घेर 300 इंच होतो, त्यात कोपऱ्यांसाठी आणि शेवटच्या जोडासाठी 12 इंच मिळवले की 312 इंच पट्टी लागते. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंच रुंदीची एक पट्टी काढली आणि तिरक्या जोडात थोडी गेली तर साधारण साडेएकेचाळीस इंच हाती राहते, म्हणजे आठ पट्ट्या आणि 20 इंच कापड. 60 सेंटिमीटर आणले तर आटण्याचीही सोय होते. हे कापड नवे, सुती आणि आधी धुतलेले असावे. सगळी गोधडी जुन्याची असली तरी गोट जुन्याचा नको. सरळ काठाला सरळ पट्टी पुरते; उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीची गरज कोपरे गोल असतील तरच. पट्टी कापण्यापूर्वी गोधडीची लांबी दोन्ही कडांना आणि मध्यावर मोजावी. कडा मध्यापेक्षा लांब भरल्या, तर त्या ताणल्या गेल्या आहेत; अशा वेळी मध्याचे माप धरून पट्टी बेतावी आणि कडेचा जास्तीचा भाग तिच्यात हळूहळू सामावून घ्यावा, म्हणजे काठ लाटांसारखा उठत नाही.

कोपऱ्यांना वेळ द्यावा. पट्टी कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबवून, वर दुमडून, मग खाली घेतली की घडी नीट बसते. ती घडीही बारीक टाक्यांनी बंद करावी, नाहीतर मुलांची बोटे तिच्यात अडकतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ भागातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुले शिवतात आणि फुलांवाचून कवंदी उघडी मानतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. मायेच्या माणसासाठी गोधडी करताना कोपऱ्यांना असे काही आपले घालावे. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मात्र घालू नये, कारण तोंडात जाईल आणि तुटेल असे काहीही तिथे नको.

काठ पूर्ण झाला की डब्याच्या झाकणावरची संख्या पाहून सुया आणि टाचण्या मोजाव्यात. एकही कमी भरली तर गोधडी घरातून बाहेर जाता कामा नये. लोहचुंबक दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवावा, मग गोधडी चार घड्या करून तळहातांनी दाबत पाहावी. संख्या जुळली तरी हे करावे, कारण आधीच्या बैठकीतली एखादी सुई आत राहिलेली असू शकते. कच्चे टाके काढून टाकण्याचेही हेच ठिकाण आहे.

धुण्यापूर्वी रंग तपासावा. पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा प्रत्येक गडद ठिगळावर घासून पाहावा. रंग लागला तर मिठाच्या पाण्यात भिजवून तो पक्का होईल या भरवशावर राहू नये. सुटणारा रंग मिठाने थांबतोच असे नाही. थंड पाण्यात, भरपूर पाणी घेऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावी, आणि ओली गोधडी घडी करून ठेवू नये, कारण डाग पडतात ते नेमके त्या वेळी. चिंब झालेले सुती कापड स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी धरते. म्हणून गोधडी एकटीने पिळू नये आणि एकाच दोरीवर टाकू नये, त्या वजनाने नवे टाके ताणतात. शेजारी शेजारी दोन दोऱ्या बांधून त्यांवर पसरावी किंवा बाजेवर घालावी, आणि दुपारी उलटवावी. परदेशी राहणाऱ्या मुलीकडे किंवा सुनेकडे जाणारी गोधडी तिथे गरम हवेच्या यंत्रात वाळवली जाईल हे धरून शिवण्यापूर्वीच तिचे प्रत्येक कापड गरम पाण्यात आटवून घ्यावे लागते; अर्धवट गोधडीच्या बाबतीत ते झाले नसेल तर निदान सोबत तशी सूचना लिहून द्यावी.

बाळाच्या दुपट्याबाबत दोन गोष्टी आग्रहाने पाळाव्यात. पहिल्या वर्षात बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सुटी पांघरुणे आणि उशा ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून दुपटे पातळ करावे आणि ते देताना जमिनीवर अंथरण्यासाठी, मांडीवर घेताना किंवा मालिशीच्या वेळी खाली घालण्यासाठी आहे, हे बाळंतिणीला सांगावे. दुसरी गोष्ट डांबराच्या गोळ्यांची. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि त्यांना नॅप्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांपासून रक्तपेशी फुटण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. दुपटे कोणाकडे जाणार आहे हे माहीत असले तरी त्या बाळाचे रक्त आपल्याला माहीत नसते, तेव्हा घरातल्या कोणत्याच गोधडीजवळ त्या गोळ्या ठेवू नयेत. कडुनिंबाची वाळलेली पाने पुरेशी आहेत.

नावाची पट्टी घरच्या आणि स्नेह्यांच्या गोधडीला अवश्य लावावी. कोणाच्या लुगड्यांची गोधडी आहे, कोणी शिवली आणि कोणत्या वर्षी, हे सुती पट्टीवर उलट्या टाक्याने भरून ती मागच्या कोपऱ्यात चारही बाजूंनी शिवावी. शाई धुतल्यावर फिकट होते, दोरा राहतो. दानाच्या गोधडीवर देणाऱ्याचे नाव घालू नये, असे मला वाटते; पांघरणाऱ्याला दररोज रात्री दात्याची आठवण करून देण्याचे कारण नाही. तिथे फक्त कशी धुवावी एवढेच लिहावे.

संस्थेला गोधड्या द्यायच्या असतील तर त्या पूर्ण होण्याआधी तिथे विचारावे : पलंगांचे माप काय, धुणे हाताने होते की यंत्रात, जुन्या कापडाच्या वस्तू घेतात का, आणि किती हव्यात. वृद्धाश्रमात हलकी गोधडी लागते, कारण अशक्त माणसाला जड पांघरूण स्वतःच्या अंगावरून सारता येत नाही. वसतिगृहात सगळ्या साधारण सारख्या हव्यात, म्हणजे मुलांत कोणाला कमी मिळाल्याचे वाईट वाटत नाही. फडावर गडद रंगाची, फार जाड नसलेली आणि दवात भिजली तरी एका दुपारच्या उन्हात वाळणारी हवी.

देण्याची वेळ येईपर्यंत गोधड्या सुती खोळीत ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पावसाळ्यात उघाड पडेल त्या दिवशी त्यांच्या घड्या बदलाव्यात. पाठवणी करताना संस्थेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मावशींकडे किंवा ऊसतोड टोळीतल्या एखाद्या जाणत्या बाईकडे गोधड्यांबरोबर एक छोटी पुरचुंडीही द्यावी, तिच्यात दोन सुया, एक रीळ आणि गोटाच्या उरलेल्या कापडाचे तुकडे असावेत.