गरम बिडे सीट घरी बसवायची तर आधी टाकी बघा

कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत पहाटे जेट स्प्रेचं पाणी अंगावर काटा आणतं. घरात गुडघेदुखीचं, मूळव्याधीचं किंवा हात मागं न पोचणारं वयस्कर कुणी असेल, तर गरम बिडे सीटचा, म्हणजे कमोडवर बसवायच्या, कोमट पाण्याचा फवारा मारणाऱ्या विजेवरच्या सीटचा, खरा उपयोग त्यांना. सीट बसवायला तासभर पुरे. घोडं अडतं ते पाण्याच्या दाबावर आणि विजेच्या पॉइंटवर.

बऱ्याच मॉडेलना किमान ०.०५ मेगापास्कलच्या आसपास दाब लागतो. आकडा माहितीपत्रकात असतो. टाकीच्या उंचीतून दर मीटरला साधारण ०.०१ मिळतो. म्हणजे टाकी सीटपेक्षा ५ मीटर तरी वर हवी. राजारामपुरीतल्या तीन मजली घरात तळमजल्यावर हा हिशोब आरामात बसतो. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम ३ मीटर, तिथं नाही बसत. अशा ठिकाणी आत पंप असलेलं मॉडेल घ्या, नाहीतर लाईनला छोटा प्रेशर पंप लावा. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

वीज हे वायरमनचं काम, तिथं काटकसर नको. पाणी लगेच तापवणारी सीट हजार वॉटच्या वर ओढते. कमोडजवळ, पाणी उडणार नाही अशा उंचीवर अर्थिंगसह १६ अँपिअरचा पॉइंट, त्यावर झाकण आणि लाईनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) घ्या. एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. जपानहून कुणी सीट आणून देतो म्हणालं तरी नको म्हणा. तिकडची वीज १०० व्होल्टची, आपली २३०.

मग माप. कमोडच्या कडेचा आकार वर्तमानपत्रावर काढा, बोल्टची भोकं आणि मागची फ्लश टाकी त्यावर खुणावून तो कागदच दुकानात न्या.

बसवताना अँगल कॉक बंद करून फ्लश टाकी रिकामी करा. जुनी सीट काढा, नव्या सीटसोबत आलेली पट्टी कमोडवर बोल्टनं आवळा आणि सीट ‘खट्’ आवाज येईपर्यंत त्यावर सरकवा. अँगल कॉक आणि फ्लशचा पाईप यांच्यामध्ये टी (तीन तोंडांचा जोड) जोडा आणि त्यातून सीटचा पाईप घ्या. जिथं आत रबरी वॉशर नाही त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. प्लॅस्टिकचा नट हातानंच आवळा, पान्यानं चिरतो. सोलरची लाईन जोडायची नाही, गार पाण्याचीच हवी. कॉक हळू उघडा, जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा. तो कोरडा राहिला की मगच प्लग लावा.

सीटवर कुणी बसल्याशिवाय फवारा येत नाही, तेव्हा बटण दाबून ‘बिघडली’ म्हणू नका. सुरुवात सगळ्यात कमी दाबानं करा. मधुमेहानं पायाची, त्वचेची संवेदना कमी झालेल्यांसाठी सीटची उष्णता बंद किंवा अगदी कमी ठेवा. फार वेळ बसलं तर कोमट सीटही भाजू शकते. उन्हाळ्यात तर सीटची उष्णता बंदच करा, फुकट बिल कशाला?

सीट प्लॅस्टिकची असते. तिला अॅसिड लावू नका, ओलं मऊ फडकं पुरतं. बोअरचं पाणी असेल तर सीटमध्ये पाणी शिरतं तिथली जाळी क्षारानं लवकर तुंबते. फवारा मंदावला की आधी कॉक बंद करून जाळी काढा, जुन्या टूथब्रशनं घासा. मेकॅनिकला फोन त्यानंतर.